‘अलाऊ अ‍ॅक्सेस’ची चौकट आली कुठून? विंडोज फायरवॉलच्या परवानगीची पार्श्वभूमी

विंडोजवर एखादं सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवलं की कधी कधी फायरवॉलची (नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या भागाची) चौकट समोर येते: या प्रोग्रामचे काही भाग अडवले आहेत, परवानगी द्यायची का? घाईत माणूस ‘कॅन्सल’ दाबतो. मग ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवरून ते सॉफ्टवेअर जोडलं जात नाही, आणि कोणीतरी फायरवॉलच बंद करून टाकतो. तो बंद करायची गरज जवळजवळ कधीच नसते. ही चौकट कशी घडत गेली ते कळलं, की नेमकं काय उघडायचं तेही कळतं.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं, तेव्हा त्यात फायरवॉल होता. नाव ‘इंटरनेट कनेक्शन फायरवॉल’. तो मुळात बंद असायचा आणि नेटवर्क जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबखाली दडलेला असायचा. त्याला प्रोग्राम कळत नसे, फक्त पोर्टचे, म्हणजे मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारांचे, आकडे कळत. शिवाय तो चालू केला की ऑफिसातलं फाइल आणि प्रिंटर शेअरिंग अडायचं, कारण आपल्या नेटवर्कमधली मशीन कोणती आणि बाहेरची कोणती, हा फरक त्याला करता येत नसे. साहजिकच कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

त्याची किंमत २००३ मध्ये मोजावी लागली. जानेवारीत ‘एसक्यूएल स्लॅमर’ हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, आला. यूडीपी (टीसीपीसारखीच नेटवर्कवर माहिती पाठवण्याची एक पद्धत) पोर्ट १४३४ वर येणारं माहितीचं एकच छोटं पॅकेट पुरेसं होतं. मोठ्या सर्व्हरइतकीच साधी डेस्कटॉप मशीनही त्यात सापडली, कारण अनेक सॉफ्टवेअरबरोबर मायक्रोसॉफ्टचं छोटं डेटाबेस इंजिन आपोआप बसत असे आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे. ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ हा दुसरा वर्म पोर्ट १३५ मधून शिरला. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) १६ जुलैलाच निघाला होता, पण तो बसवणार कसा? नेटला जोडलं की काही वेळात ‘६० सेकंदांत मशीन बंद होत आहे’ अशी सूचना यायची. डायल-अपवर तेवढ्यात पॅच उतरणं शक्य नव्हतं. ‘शटडाऊन -ए’ ही कमांड देऊन ती उलटी मोजणी थांबवायची, फायरवॉल चालू करायचा आणि मगच पॅच घ्यायचा, असा तेव्हाचा उपाय होता. २००४ च्या वसंतात ‘सॅसर’ वर्मने पोर्ट ४४५ वर तोच धडा पुन्हा दिला.

ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटमध्ये फायरवॉल मुळातच चालू झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच, आणि त्यातली खरी हुशारी होती अपवादांच्या यादीत. आता परवानगी पोर्टऐवजी प्रोग्रामला देता येऊ लागली (सुरुवातीची चौकट मागते ती हीच): तो प्रोग्राम चालू असून एखाद्या पोर्टवर बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहत असेल तेवढाच वेळ दार उघडं, प्रोग्राम बंद झाला की दार बंद. आकड्याने उघडलेलं पोर्ट मात्र चोवीस तास उघडंच राहतं. ‘फक्त माझं नेटवर्क’ अशी मर्यादाही तेव्हाच आली. मशीन सुरू होताना फायरवॉलची सेवा जागी होण्याआधी नेटवर्क उघडं पडायचं, ती फटही बुजवली गेली.

२००७ च्या विंडोज व्हिस्टात नेटवर्कच्या प्रकारानुसार डोमेन (कंपनीचं केंद्रीय नेटवर्क), प्रायव्हेट (घरचं किंवा ऑफिसचं भरवशाचं) आणि पब्लिक (अनोळखी ठिकाणचं) असे तीन प्रोफाइल, म्हणजे नियमांचे संच, आले. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही नियम लावता येऊ लागले, पण मूळ धोरण आजही तेच आहे: आत येणारं अडवा, बाहेर जाणारं सोडा. म्हणून वेबसाइट उघडायला ब्राउझरला परवानगी लागत नाही, आणि ‘नेट चालत नाही’ या तक्रारीत पहिला संशय फायरवॉलवर घेऊ नये.

आता त्या ‘कॅन्सल’कडे वळू. ते दाबल्यावर विंडोज त्या प्रोग्रामसाठी सहसा दोन अडवणारे नियम लिहून ठेवतं, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा. साध्या, अ‍ॅडमिन नसलेल्या खात्यात तर चौकट न दाखवताही ते लिहिले जातात. अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर नेहमी भारी पडतो, त्यामुळे नंतर कितीही परवानग्या जोडल्या तरी उपयोग होत नाही. ‘डब्ल्यूएफ.एमएससी’ (wf.msc) चालवून फायरवॉलच्या नियमांची खिडकी उघडायची, तिथे ‘इनबाउंड रूल्स’मध्ये (आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांत) त्या नावापुढची लाल खूण शोधायची आणि ते नियम आधी काढायचे.

नंतर ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू विंडोज फायरवॉल’ उघडून ‘चेंज सेटिंग्ज’, मग ‘अलाऊ अनदर अ‍ॅप’, ‘ब्राउज’ करून ईएक्सई फाइल निवडायची आणि फक्त ‘प्रायव्हेट’वर खूण करायची. तरी जमत नसेल तर नेटवर्कचा प्रकार पाहा. विंडोज ११ नवं नेटवर्क मुळात ‘पब्लिक’ धरतं, त्यामुळे प्रायव्हेटचा नियम असूनही लागू होत नाही. अशा वेळी ‘पब्लिक’वर खूण करण्यापेक्षा ऑफिसचं नेटवर्कच ‘प्रायव्हेट’ करणं बरं. नियम फाइलच्या पूर्ण पत्त्याला बांधलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. अपडेटनंतर जे सॉफ्टवेअर नव्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं, त्याचा जुना नियम निरुपयोगी होतो.

हिशेबाच्या किंवा दवाखान्याच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस असतो. त्याची परवानगी हा डेटाबेस असलेल्या सर्व्हर मशीनवर द्यायची, त्याला जोडल्या जाणाऱ्या क्लायंट मशीनवर नाही. एक्सप्रेस सहसा वेगळं नाव दिलेल्या इन्स्टन्सवर (स्वतंत्र प्रतीवर) चालतो आणि त्याचं पोर्ट बदलू शकतं, म्हणून एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट १४३३ उघडून भागेलच असं नाही. ‘sqlservr.exe’ या फाइलला प्रोग्राम म्हणून परवानगी द्या, ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ ही सेवा (वेब ब्राउझर नव्हे; ती क्लायंटला चालू पोर्ट सांगते) वापरत असाल तर यूडीपी १४३४ उघडा, आणि दोन्ही नियमांच्या ‘स्कोप’मध्ये ‘लोकल सबनेट’ (फक्त आपलं नेटवर्क) निवडा. स्लॅमर याच १४३४ मधून शिरला होता. एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असतं, ते ‘एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर’मध्ये चालू करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. नंतर क्लायंटवर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला सर्व्हरचा पत्ता आणि त्याचं चालू पोर्ट देऊन पाहा. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर सर्व्हरवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा: यादीत ते पोर्ट ‘लिसनिंग’ दिसत नसेल, तर दोष फायरवॉलचा नाही, सेवेचा आहे.