इपॉक्सीत एरोसिल की मायक्रोबलून?

इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा चिकट पदार्थ, पावडर घालून घट्ट झालं म्हणजे मजबूत झालं, हा गैरसमज वर्सोव्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत फायबरच्या होड्यांची डागडुजी करणाऱ्यांत मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकतो.

एरोसिल, म्हणजे फ्यूम्ड सिलिका, ही एक बारीक पांढरी पावडर. उभ्या बाजूवर रेझिन ओघळू नये म्हणून घालतात. तिचे नॅनोमीटरमध्ये मोजावेत असे कण एकमेकांना धरून जाळं करतात. ढवळलं की जाळं सुटतं, हात थांबला की पुन्हा धरतं. म्हणून लावलेलं रेझिन जागेवर राहतं.

मायक्रोबलूनही रेझिन घट्ट करतात आणि काचेचे असतील तर पांढरेच दिसतात, म्हणून घोळ होतो. (फिनॉलिक जातीचे तांबूस, ते लगेच ओळखू येतात.) पण ही पावडर म्हणजे बारीक पोकळ गोळे आहेत. त्यांच्यामुळे रेझिनच्या जागी हवा येते. लेप हलका होतो, पॉलिश पेपरखाली भराभर उतरतो, आणि नेमका त्यामुळेच कमजोर असतो. फळी आणि आडव्या बरगडीच्या सांध्यात तो भरलात तर लाटेची ओढ तो पेलणार नाही, तुटेल. सांध्यात एरोसिलच, हवं तर सोबत काचतंतूचे तुकडे.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. बाहेरचा खड्डा भरायला नुसती एरोसिल वापरली की तो ठिपका आजूबाजूपेक्षा कडक होतो. घासताना कागद भोवतालचा मऊ भाग खातो, ठिपका तसाच उंच राहतो, आणि रंग चढल्यावर उन्हात तो फुगवटा लांबूनही दिसतो. लांबी (पुट्टी) भरायची तर मायक्रोबलून, आणि ती ओघळू नये म्हणून चिमूटभर एरोसिल.

आधी रेझिन-हार्डनर मापात पूर्ण मिसळा, पावडर त्यानंतर, श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत. पावडर मापात धरायची नाही. दोन्ही पावडरी हवेत उडतात, मास्क लावा. पावसाळ्यात सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन मगच घासा.

पावडर जास्त पडली म्हणून वरून थिनर ओतणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: तो डबा फेका, नवा कालवा. अडकलेला थिनर आतून इपॉक्सी मऊच ठेवतो. आणि दोन्ही पावडरींच्या डब्यांवर मार्करने नावं लिहा, कारण पांढऱ्या पावडरी रात्री बल्बच्या उजेडात सारख्याच दिसतात.