मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स

मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथील डिस्नीलँड या मनोरंजन उद्यानातील पोलादी रोलर कोस्टर. १४ जून १९५९ रोजी मोनोरेल आणि पाणबुडीची सफर यांच्यासमवेत ती लोकांसाठी खुली झाली. आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराच्या (४,४७८ मी.) सुमारे शंभराव्या हिश्श्याच्या, म्हणजे १४७ फूट (सुमारे ४५ मी.) उंचीच्या कृत्रिम पर्वतात तिचे दोन मार्ग एकमेकांभोवती गुंतलेले असून, बर्फावरून घसरणाऱ्या बॉबस्लेडच्या आकाराच्या गाड्या त्यांवरून उतरतात. गाड्या शिखरापर्यंत मात्र जात नाहीत.

पर्वताच्या कल्पनेचा उगम निश्चित सांगता येत नाही. वॉल्ट डिस्नी यांनी स्वित्झर्लंडमधील चित्रीकरणाच्या काळात मॅटरहॉर्नचे चित्र असलेले पोस्टकार्ड पाठवून असाच पर्वत उभारण्यास कळवले, ही कथा बहुतेक वर्णनांत आढळते. तथापि उद्यानाच्या मध्यभागी मातीची एक टेकडी आधीपासूनच होती आणि तिच्यावर घसरगुंडीसारखे काहीतरी करण्याचा विचारही चालू होता, असे सांगितले जाते. त्यामुळे पोस्टकार्डाने मूळ कल्पना दिली असे मानण्यापेक्षा तिला आकार दिला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पहिलेपणाच्या दाव्याची छाननी अधिक काटेकोरपणे करावी लागते. ‘जगातील पहिली पोलादी रोलर कोस्टर’ असे तिचे वर्णन काही ठिकाणी केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील सायक्लोनचा (१९२७) सांगाडा पोलादी आहे, जरी तिचा मार्ग लाकडी असला तरी; तसेच जर्मनीत आंटोन श्वार्त्सकोप्फ यांची पोलादी कोस्टर १९५७ मध्येच तयार झाली होती. मॅटरहॉर्नचे वेगळेपण रुळांत आहे. पोकळ पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारी पहिली कोस्टर हा मर्यादित दावा सर्वसाधारणपणे मान्य आहे, आणि तोच येथे ग्राह्य मानला आहे.

लाकडी कोस्टरमध्ये फळ्यांचे थर एकमेकांवर बसवून त्यांवर पोलादाची सपाट पट्टी ठोकतात. असा मार्ग आडव्या वा उभ्या दिशेने थोडाफार वळवता येतो, परंतु वळता वळता त्याला पीळ देणे कठीण असते. नळीचा छेद वर्तुळाकार असल्याने ती सर्व दिशांना सारख्याच प्रमाणात वाकण्यास विरोध करते, हव्या त्या कोनात आगाऊ वाकवून आणता येते, आणि वरून, बाजूने व खालून टेकणाऱ्या चाकांना तिच्यावर सर्वत्र सारखाच आधार मिळतो. त्यामुळे अरुंद जागेत तीव्र वळणे शक्य झाली. हे रूळ माउंटन व्ह्यू येथील ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने बनविले. एड मॉर्गन आणि कार्ल बेकन हे तिचे प्रमुख अभियंते होत. १९५५ मध्ये उद्यान सुरू होताना काही खेळांची वाहनेही याच कंपनीने पुरविली होती. मार्गाचे स्वतंत्र टप्पे करून, पुढचा टप्पा मोकळा असल्याखेरीज मागच्या गाडीला थोपवून धरणारी नियंत्रणव्यवस्थाही येथे वापरण्यात आली; तीमुळे एकाच मार्गावर एका वेळी अनेक गाड्या सोडता येऊ लागल्या. उतरणीच्या शेवटी गाड्या पाण्याच्या कुंडात शिरून त्यांचा वेग कमी होतो.

आरंभी पर्वताचा अंतर्भाग बराचसा उघडा होता व स्कायवे या हवाई पाळण्यांचा मार्ग त्यातून आरपार जाई. १९७८ मध्ये आत हिमगुहा तयार करून हिममानवाची हालती आकृती बसविण्यात आली आणि दोन-दोन गाड्या जोडून चालविल्या जाऊ लागल्या. १९९४ मध्ये स्कायवे बंद झाल्यावर पर्वतातील तिची भोके बुजविण्यात आली. २०१२ मध्ये एकेरी आसनांच्या नव्या गाड्या आल्या, तर २०१५ मध्ये हिममानवाची जागा नव्या आकृतीने घेतली.

नळीदार रुळांचे तंत्र ॲरोने पुढे टेक्सासमधील रनअवे माइन ट्रेन (१९६६) आणि ॲनाहाइमजवळच्याच नॉट्स बेरी फार्ममधील कॉर्कस्क्रू (१९७५) यांत विकसित केले. कॉर्कस्क्रू ही प्रवाशांना उलटे फिरविणारी पहिली आधुनिक कोस्टर मानली जाते. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधील स्पेस माउंटनच्या (१९७५) जोडमार्गाची रचनाही मॅटरहॉर्नवरूनच घेतलेली आहे.