अजून काही नाही ना?

मावशीला गुडघ्यासाठी दाखवायला नेलं होतं. तपासून झालं, चिठ्ठी हातात पडली. "अजून काही नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. मावशीने मान हलवली. बाहेर चपला घालताना म्हणते, "अगं बाई, रात्री छातीत भरून येतं ते सांगायचं राहिलंच!" आम्ही परत वळलो, तोवर पुढचा पेशंट स्टुलावर बसला होता.

"बोलू दिलं की पेशंट रामायण लावतात" ही डॉक्टरमंडळींची ठरलेली तक्रार. घड्याळ दुसरंच सांगतं. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं गेलं होतं. उलट स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या २००२ च्या अभ्यासात डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकलं, तर ३३५ पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. एवढ्यात बालकांडही होत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती हेरिटेज आणि रॉबिन्सन या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगाची. मुख्य तक्रार ऐकल्यावर काही डॉक्टरांनी विचारायचं 'एनिथिंग एल्स?', काहींनी 'समथिंग एल्स?' एका शब्दाचा फरक! 'समथिंग'मुळे मनातच राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. 'एनिथिंग' विचारणं जवळपास न विचारल्यासारखंच ठरलं. भेटीचा वेळही वाढला नाही.

असं का? शाळेतला नियम आठवा: होकारार्थी वाक्यात 'सम', नकारार्थी वाक्यात 'एनी'. म्हणजे 'एनी'वाला प्रश्न आधीच 'नाही'कडे कललेला. भाषाशास्त्रात याला ध्रुवता म्हणतात. मराठीत 'काही' दोन्हीकडे चालतं: काही आहे, काही नाही. म्हणून कल द्यायचं काम 'नाही ना' करतं. शेवटी 'ना' आला की दुजोरा देणं हा आपला शिष्टाचार, त्यातून समोर डॉक्टर! याउलट 'आणखी काय काय होतंय?' यातली 'काय काय' ही द्विरुक्ती एकाहून जास्त गोष्टी आहेत असं धरूनच चालते. इथे 'काही नाही' म्हणायलाच जोर लागतो. मात्र हे विचारायचं सुरुवातीलाच, चिठ्ठी लिहून झाल्यावर नव्हे.

'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं आपण म्हणतो. तो गुण पुष्कळदा कानाला असतो. अर्थात नुसत्या कानाने भागत नाही. बुवाही तासभर ऐकून घेतो आणि अंगारा देऊन पाठवतो.

२०१९ पासून आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आलं आहे. ते शिकलेली मुलं सगळ्या ओपीडींत पोचतील तेव्हा पोचतील. तोवर मावशीला न्यायचं असलं की मी आदल्या रात्री तिच्या तक्रारी कागदावर लिहून घेतो, 'आणखी काय काय?' असं विचारत. मागच्या खेपेला पाच निघाल्या. गुडघा चौथा होता.