चौकोनात मावलेलं व्हिजिटिंग कार्ड

समोरच्याच्या फोनवरचा काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, आपल्या कॅमेऱ्यात धरला की नाव, नंबर, ईमेल थेट संपर्कयादीत जाऊन बसतात. दिसायला ही एकच युक्ती. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: माहिती लिहिण्याची ठरावीक रीत, ती छापण्याची आकृती आणि ती वाचणारा कॅमेरा. तिन्ही वेगवेगळ्या गरजांमधून निघाल्या. त्यातली एकही मुळात दोन माणसांची ओळख करून द्यायला जन्मली नव्हती, असं म्हणायचा मोह होतो; पण पहिली मात्र त्याचसाठी होती.

ती म्हणजे व्हीकार्ड. १९९५च्या सुमारास ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या गटाने छापील कार्डाचं संगणकी रूप ठरवलं. ते अगदी साधं होतं. एका ओळीत नाव, दुसरीत फोन, तिसरीत ईमेल आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कशाची आहे हे सांगणारी खूण. १९९८मध्ये त्याची ३.० आणि २०११मध्ये ४.० आवृत्ती इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झाली. कोणत्याही कंपनीच्या फोनला ते वाचता येतं, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई.

आकृती आली जपानमधून, आणि तीही मोटारींच्या सुट्या भागांसाठी. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावर. मालाचा क्रमांक सांगायला तो पुरेसा होता. पण त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावत. कारखान्यात एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागायचे आणि कामगारांना ते एकामागून एक वाचत बसावं लागायचं. डेन्सो कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी यावर उपाय शोधला. माहिती आडव्या दिशेबरोबर उभ्या दिशेतही भरायची, म्हणजे रेघांऐवजी ठिपक्यांचा चौकोन करायचा. गो या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून हे सुचल्याचं ते सांगतात.

खरी अडचण पुढेच होती. छापील मजकुराच्या गर्दीत यंत्राला हा चौकोन सापडणार कसा? हारा यांच्या चमूने मासिकं, पत्रकं, खोक्यांवरची छपाई तपासली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सहसा न आढळणारं प्रमाण शोधलं: १:१:३:१:१. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींतून कोणत्याही दिशेने रेघ मारली तरी हेच प्रमाण मिळतं, म्हणून फोन तिरका किंवा उलटा धरला तरी काही अडत नाही. १९९४मध्ये क्यूआर कोड जाहीर झाला. पेटंट हाती असूनही कंपनीने ते वापरणाऱ्यांकडून शुल्क मागितलं नाही, आणि २००० साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात चूक दुरुस्त करणारं गणितही आहे. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. कोडच्या मधोमध लोगो ठेवायची हौस याच सवलतीवर भागते.

तिसरी गोष्ट, कॅमेरा, हीही आधी जपानमध्येच आली. २००२पासून तिथल्या मोबाइलमध्ये कोड वाचायची सोय होती. मोबाइल कंपनी एनटीटी डोकोमोने ‘मीकार्ड’ ही व्हीकार्डहून आटोपशीर रीतही काढली, कारण मजकूर जितका कमी तितके ठिपके मोठे आणि वाचायला सोपे. इतर देशांत मात्र बराच काळ त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागे. नंबर टंकण्याचा कंटाळा टाळायला आधी ॲप शोधायचं, हे कोण करणार? मधल्या काळात इतर वाटाही चोखाळून झाल्या. हातात मावणाऱ्या पाम संगणकांनी इन्फ्रारेड किरणांनी कार्डं पाठवली. २००९चं ‘बम्प’ हे ॲप दोन फोन एकमेकांवर आपटायला लावायचं. ते २०१४मध्ये बंद झालं. २०१७मध्ये आयफोनचा कॅमेरा कोड आपोआप वाचू लागला, आणि मग मात्र वेगळं काही शिकायची गरज उरली नाही.

तोवर चौकोनाच्या आतला मजकूर बदलू लागला होता. २०१५मध्ये स्नॅपचॅटने स्वतःच्याच ॲपला कळेल असा कोड काढला. २०१८मध्ये लिंक्डइनने आणि २०२०मध्ये व्हॉट्सॲपने संपर्कासाठी क्यूआर आणला. यांत माणसाची माहिती नसते, कंपनीच्या सर्व्हरवरच्या पानाची लिंक असते. याला व्यावहारिक कारण आहे. क्यूआरमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. पत्ता, पद, दोन-तीन नंबर भरले की ठिपके बारीक होतात, आणि फोटोची तर बातच नको. लिंक मात्र छोटी असते आणि तिच्यामागची माहिती केव्हाही बदलता येते.

पण देवघेव समान नाही. व्हीकार्डचा कोड इंटरनेटविना चालतो आणि तो कुणी, कधी वाचला हे कुणालाच कळत नाही. लिंकवाल्या कोडमध्ये ती नोंद मधल्या कंपनीकडे राहू शकते, आणि सेवा बंद झाली तर छापलेली कार्डं वाया जातात. उलट बाजूही आहे: व्हॉट्सॲपचा कोड नको त्या हाती पडला तर तो रीसेट करून जुना निकामी करता येतो. व्हीकार्डच्या कोडचा कुणी फोटो काढून ठेवला, तर त्यातला नंबर मागे घ्यायला नंबरच बदलावा लागतो.