वीजबिलातली ऱ्हाइन नदी

मुंबईच्या वीजबिलावर ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. ती कुणी वाचत नाही. आपण थेट खालचा आकडा बघतो आणि एसी कुणी चालू ठेवला यावरून भांडतो. पण कोळसा किंवा वायू महागला की तो भार आपल्यापर्यंत पोहोचतो याच ओळीतून. आणि इंधन महागायला हल्ली नुसतं युद्धच लागतं असं नाही.

२०२२ साल आठवा. जानेवारीत इंडोनेशियाने घरच्या वीजकेंद्रांना कमी पडू नये म्हणून कोळशाची निर्यातच थांबवली. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. भारतात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च नोंदला गेला. विजेची मागणी उसळली, कोळसा कमी पडला आणि मे महिन्यात केंद्राने आयात कोळशावरची वीजकेंद्रं पूर्ण क्षमतेने चालवायला सांगितली. पुढे युरोपही भाजून निघाला. जर्मनीतल्या ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की कोळसा वाहणाऱ्या बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावा, पूर्ण भरता येईनात. फ्रान्समध्ये अणुभट्ट्या थंड करणाऱ्या नद्याच तापल्या, त्यामुळे वीजनिर्मिती घटवावी लागली. रशियाचा वायू आटलेला होताच. मग युरोपने चढ्या भावाने जगभरचा द्रवरूप वायू उचलला. बांगलादेशला तो परवडेना, तिथे भारनियमन सुरू झालं. हे सगळं पुतिन यांच्या एकट्याच्या खात्यावर मांडतात, ते अर्धंच खरं.

मुंबईत यात दमटपणाची भर. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. एसीला नुसती हवा गार करून भागत नाही. या बाष्पाचं पाणी करावं लागतं आणि तसं होताना बाष्प जी उष्णता सोडतं, तीही घराबाहेर उपसावी लागते. खिडकीबाहेर नळीतून टपटपतं ते पाणी कसलं, आपलं बिलच.

सौरऊर्जेने ही परदेशी इंधनाची कटकट कमी होते, पण पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक मुख्य टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. ‘मग आखातातून सुटून चीनच्या दारातच गेलो की!’ असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो; आखाती तेल जिथून बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत टँकर अडले तर झळ लगेच बसते. चीनने पॅनेल अडवली तर नवी बसणार नाहीत, एवढंच. गच्चीवरची जुनी वीस-पंचवीस वर्षं वीज देत राहतील. तेल जाळलं की संपतं, यंत्र संपत नाही.

जुलैतल्या ढगांखाली मात्र ही पॅनेल सुस्तावतात. नेमकं तेव्हाच घाटमाथ्यावरची धरणं भरत असतात. १९१५मध्ये खोपोलीच्या वीजगृहाने मुंबईच्या गिरण्या चालवल्या, त्या याच पाण्यावर.