चिनी माणूस रागावला की कळतं कसं?

चिनी भाषेबद्दल दोन समज बरीच वर्षं फिरतायत. एक, चिनी माणसं सतत भांडत असतात. दुसरा थोडा शहाणा: शब्दाचा अर्थच स्वरावर, म्हणजे आवाजाच्या चढउतारावर, ठरत असल्याने त्यांना रागाचा सूर लावताच येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतील, हे कुणी विचारत नाही!

मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, चार स्वर आहेत, शिवाय एक हलका, तटस्थ. 'मा' सपाट म्हटलं तर आई, झटक्यात खाली उतरवलं तर शिवी देणं. हा उतरता चौथा स्वर आपल्या कानाला दरडावल्यासारखा वाटतो. पहिला समज बहुधा तिथूनच आला. ती माणसं कदाचित भाजीचा भाव विचारत असतात.

दुसऱ्याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरन (१८९२–१९८२) यांनी केव्हाच दिलं होतं: शब्दांचे स्वर म्हणजे वाक्याच्या सुराच्या मोठ्या लाटांवरचे छोटे तरंग. स्वर सापेक्ष असतात. राग आला की आवाज चढतो, वेग वाढतो, पट्टी वर सरकते, चढउतार रुंदावतात. पण चढणारा स्वर चढतोच, उतरणारा उतरतोच. त्यामुळे अर्थ शाबूत राहतो आणि रागही पोचतो.

शब्दांची हत्यारं वेगळीच. 'फिंग शन्मा?' म्हणजे 'कोणत्या हक्काने?', हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. आणि एरवी लाडक्या नावाने हाक मारणारी आई आडनावासकट पूर्ण नाव घेते, तेव्हा आवाज चढवायचीही गरज नसते.