हॉर्नचा आवाज भोंग्यासारखाच येतो?

घरी स्पीकर बांधणाऱ्यांत एक समज पक्का आहे: हॉर्न (आवाज पुढे फेकणारं, तोंडाकडे रुंदावत जाणारं नळकांडं) लावला की आवाज कर्कश येणारच, आणि तो टाळायचा तर महागडा ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) हवा. दोन्ही चूक.

सभेतला भोंगा फक्त बोलणं लांब पोचवायला बनवलेला असतो, त्याला संगीताशी देणंघेणं नसतं. घरगुती टू-वेमध्ये (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना हॉर्न अशा स्पीकरमध्ये) कर्कशपणा बहुतेकदा जुळणीतून येतो. हॉर्नमागच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरची संवेदनशीलता (ठरावीक विजेत तो किती मोठा वाजतो ते) १०५ ते ११० डेसिबल, वूफरची ९५च्या आसपास. ड्रायव्हरकडे जाणारी वीज कमी करणारे रेझिस्टर लावून हा फरक कमी केला नाही, तर वरचे सूर कानात टोचणारच. (बाजाराची गंमत अशी की लोक ड्रायव्हर बदलतात, दोन रेझिस्टर बदलत नाहीत.)

दुसरी गोची क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर थांबून हॉर्न सुरू होतो त्या वारंवारतेची. १५ इंची वूफरचा आवाज १००० हर्ट्झच्या आसपास साधारण ९० अंशांत पसरतो, १२ इंचीचा १३००ला, १० इंचीचा १६००ला. ९० अंशांचा हॉर्न त्याच वारंवारतेला जोडला, तर बाजूला बसणाऱ्यालाही सूर सलग ऐकू येतो. मात्र १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, त्यामुळे हॉर्नचं तोंडही तेवढं मोठं लागतं, आणि इतक्या खाली निर्धोक वाजणारा ड्रायव्हर स्वस्तात मिळणं अवघड.

म्हणून हात आखडता असेल तर १५ इंचीचा हट्ट सोडा. जोड वर १६००ला गेली की भागतं: १० इंची वूफर, १ इंच घशाचा (हॉर्नला जुळणाऱ्या तोंडाचा) साधा ड्रायव्हर, गोलसर कडांचा प्लास्टिकचा हॉर्न. थोडे पैसे उरलेच तर आधी मोजमापाचा माइक घ्या. डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने जुळवणारं यंत्र) त्यानंतर.